भोर-वेल्ह्याच्या दमट हवेत हॉट रॉडच्या प्रतिकृती: नव्या संग्राहकांसाठी मार्गदर्शन

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतील वाचकांकडून, आणि त्यांतही ज्या वेल्हे तालुक्याचे नामांतर आता राजगड असे झाले आहे तेथील तरुण मंडळींकडून, धातूच्या लहान मोटारींविषयी जी विचारणा वारंवार होते, तिच्यात चार-पाच प्रश्न हटकून असतात. जुन्या धाटणीच्या ज्या अमेरिकन गाड्या कारखान्यातच हॉट रॉडच्या रूपात तयार झाल्या, त्यांपैकी संग्रहात कोणत्या घ्याव्यात. केवढ्या मापाच्या घ्याव्यात. परदेशातून मागविल्यास जकात किती पडते. पावसाळा सरताना रंगावर फोड का दिसू लागतात. आणि वर्णनाप्रमाणे माल न आल्यास दाद कोणाकडे मागावी. या प्रश्नांची उत्तरे पुढे क्रमाने दिली आहेत. हा विषय मुळात मर्यादित आहे आणि हीच त्याची सोय आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, बेताचे उत्पन्न असणाऱ्या माणसालाही तो पुरता करता येण्याजोगा आहे, मात्र पहिली गाडी विकत घेण्यापूर्वी आपण त्याची हद्द आखून घेतली पाहिजे.

प्रथम हद्द आखा

जुनी मोटार घेऊन तिची अनावश्यक अंगे काढून टाकावयाची, इंजिन अधिक बळकट बसवावयाचे आणि तिला आपल्या मनाजोगे रूप द्यावयाचे, हा उद्योग अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावला आणि अशा गाड्यांना हॉट रॉड म्हणू लागले. गेल्या शतकाच्या अखेरीपासून मोटार कंपन्यांनीच तसे रूप देऊन गाड्या बाजारात आणल्या. आपल्या संग्रहाच्या दृष्टीने त्यांतील चार प्रमुख होत:

- प्लिमथ प्राउलर. १९९३ साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात प्रथम दिसली व १९९७ साली विक्रीस आली. १९९८ सालचे मॉडेल निघालेच नाही. पुढे १९९९ ते २००२ पर्यंत ती निघत राहिली. प्लिमथ हे नाव बंद झाल्यावर अखेरच्या काळात ती क्रायस्लर या नावाने विकली गेली. एकूण गाड्या ११,७०२.
- क्रायस्लर पी.टी. क्रूझर. २००० ते २०१०. बाह्यरूपाचे श्रेय ब्रायन नेस्बिट यांचे. तेरा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या.
- शेव्हरोले एस.एस.आर. २००३ ते २००६. धातूचे छप्पर घडी होऊन आत जाणारी, दोन आसनांची पिकअप. सुमारे २४ हजार गाड्या.
- शेव्हरोले एच.एच.आर. २००६ ते २०११ या मॉडेल-वर्षांची. हिचेही रूप नेस्बिट यांचेच. आधार १९४९ च्या शेव्हरोले सबर्बनचा.

यांपैकी एकही गाडी तिच्या कंपनीने भारतात विक्रीस आणली नाही. प्रत्यक्ष गाडी रस्त्यावर पाहून प्रतिकृती ताडण्याची सोय आपल्याला नसल्यामुळे कारखान्याचा तपशील, म्हणजे वर्षे, रंग, चाकांची मापे, हाच आपला पुरावा ठरतो. महाराष्ट्रात या वृत्तीच्या जवळचा प्रयत्न म्हणजे अलिबागच्या चिंकारा मोटर्सने इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसवून, लोटस सेव्हनच्या धाटणीवर तयार केलेली रोडस्टर; ती प्रत्यक्ष पाहण्याचा योग आल्यास जुने रूप आणि नवे यंत्र यांचा मेळ कसा घातला जातो हे चांगले समजते.

हद्द आखण्याचे तीन मार्ग आहेत. एक माप, चारही गाड्या. एकच गाडी, तिचे सर्व रंग आणि सर्व मापे. किंवा एकाच उत्पादकाच्या प्रतिकृती. नवख्याने पहिला मार्ग धरावा. त्यात खर्चाचा अंदाज आगाऊ बांधता येतो, फळीवर ठेवलेल्या गाड्यांचे परस्परप्रमाण खरे दिसते आणि संग्रह पुरा झाल्याचे समाधान एक-दोन वर्षांत मिळू शकते. प्राउलरचे वेड ज्यांना लागले असेल त्यांनी दुसरा मार्ग खुशाल धरावा. तिसरा मार्ग उत्पादकाच्या इतिहासाची माहिती झाल्याखेरीज धरू नये, हे उत्तम.

माप ठरविताना फळी मोजा

प्रतिकृतीच्या खोक्यावर १:१८, १:२४, १:४३, १:६४ असे प्रमाण छापलेले असते. मूळ गाडीची लांबी त्या आकड्याने भागली की प्रतिकृतीची लांबी निघते. मूळ प्राउलर सुमारे ४ मीटर २० सेंटिमीटर आणि एस.एस.आर. सुमारे ४ मीटर ८६ सेंटिमीटर लांब आहे. त्यावरून:

- १:१८ – प्राउलर सुमारे २३ सें.मी., एस.एस.आर. २७ सें.मी.
- १:२४ – प्राउलर साडेसतरा सें.मी., एस.एस.आर. २० सें.मी.
- १:४३ – प्राउलर पावणेदहा सें.मी., एस.एस.आर. सव्वाअकरा सें.मी.
- १:६४ – प्राउलर साडेसहा सें.मी., एस.एस.आर. साडेसात सें.मी.

सुताराकडून काचेचे कपाट करून घेताना दहा इंच खोलीची फळी सांगितली, तर १:१८ ची प्राउलर तीवर तोंड समोर करून बसते, एस.एस.आर. मात्र बसत नाही. ती आडवी ठेवावी लागते आणि मग एका फळीवरची जागा निम्म्याने घटते. सबब कपाट आधी आणि गाड्या नंतर, असा क्रम करू नका. कोणत्या मापाच्या किती गाड्या घेणार हे कागदावर मांडून मगच सुताराला बोलवा. हॉट व्हील्स आणि मॅचबॉक्स यांच्या कार्डावरील गाड्या १:६४ म्हणून ओळखल्या जात असल्या तरी त्या ठरावीक आकाराच्या वेष्टनात बसाव्यात म्हणून कमी-अधिक मापाच्या केलेल्या असतात; त्यांच्याकडून काटेकोर प्रमाणाची अपेक्षा धरू नये. प्रमाणबद्धतेचा डोळा तयार व्हावा असे ज्यांना वाटते त्यांनी पुण्यात कोथरूडला असलेले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय एकदा सावकाश पाहावे.

हातात घेतल्यावर काय पाहावे

मायस्टोची १:१८ मापाची प्राउलर या संग्रहाचा सर्वांत सुलभ आरंभ आहे, फ्रँकलिन मिंटने ती १:२४ मापात अधिक बारकाव्यांनिशी काढली होती, मोटरमॅक्सची पी.टी. क्रूझर १:२४ मापात मिळते आणि एस.एस.आर. मायस्टोने १:१८ मध्ये काढली आहे. यांतील कोणतीही वापरलेली गाडी समोर आली की घाई न करता पुढील बाबी पाहाव्यात.

१. चाके. मूळ प्राउलरची पुढची चाके १७ इंची व मागची २० इंची आहेत. गाडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून पाहा: मागचे चाक उघडपणे मोठे व रुंद दिसले पाहिजे. चारही चाके सारखी असतील तर ती दुसऱ्या गाडीची बसविलेली आहेत, किंवा प्रतिकृतीच ढोबळ आहे.

२. पुढची मडगार्डे. प्राउलरची पुढची चाके अंगाबाहेर उघडी असून त्यांवर स्वतंत्र मडगार्डे बारीक दांड्यांवर तोललेली आहेत. पुष्कळदा हीच जागा तुटून सरसाने चिकटविलेली असते. भिंग असल्यास लावा. सरसाचा पांढुरका डाग सांध्यापाशी दिसतो.

३. रंग. १९९७ सालची प्राउलर एकाच रंगात, जांभळ्या, निघाली. खोक्यावर १९९७ आणि आत पिवळी गाडी असल्यास एक तर उत्पादकाने सूट घेतली आहे, नाही तर गाडी आणि खोके एकमेकांचे नाहीत. दोन्ही शक्यता किंमत ठरविताना विचारात घ्याव्यात.

४. तळपट्टी. गाडी उलटी करा. उत्पादकाचे नाव, गाडीचे नाव, प्रमाण आणि उत्पादनाचा देश तेथे कोरलेला असतो. एस.एस.आर.च्या बाबतीत हे विशेष पाहावे, कारण २००० सालच्या प्रदर्शनातील गाडी आणि २००३ पासून विकली गेलेली गाडी या दोन्हींच्या प्रतिकृती बाजारात आहेत आणि विक्रेते त्यांत भेद करीत नाहीत.

५. स्क्रू आणि रिव्हेट. तळाचे स्क्रू खरवडलेले असतील, किंवा लहान गाडीचे रिव्हेट पोखरून पुन्हा बसविलेले असतील, तर गाडी उघडलेली आहे. उघडलेली गाडी वाईटच असे नव्हे. परंतु तिला अस्सल अवस्थेची किंमत देऊ नये.

६. दारे, बॉनेट आणि डिकी. एकदा अलगद उघडून मिटवा. बिजागरी सैल असेल तर दार खाली झुकते व रंग खरवडते.

हॉट व्हील्सच्या कार्डावरील ‘ट्रेझर हंट’ गाड्यांसाठी पुष्कळ वाचक वाटेल ती रक्कम मोजावयास तयार असतात. आपल्या विषयाच्या हद्दीत ती गाडी बसते काय, एवढाच प्रश्न अशा वेळी स्वतःला विचारावा. बसत नसेल तर तिची दुर्मिळता आपल्या उपयोगाची नाही.

खरेदीची ठिकाणे आणि त्यांचे गुणदोष

- भोरची बाजारपेठ, नसरापूर, वेल्हे. खेळण्यांच्या आणि जनरल स्टोअर्सच्या दुकानांत कार्डावरील लहान गाड्या येतात. मोठ्या मापाच्या क्वचितच. दुकानदाराशी ओळख ठेवावी आणि नवी पेटी आली की कळवावयास सांगावे.
- पुणे शहर. रविवार पेठेतील बोहरी आळी आणि तुळशीबाग येथे खेळण्यांची दुकाने दाटीने आहेत. भोरहून किंवा वेल्ह्याहून स्वारगेटची एस.टी. पकडून एका दिवसात जाऊन येता येते. मोठी गाडी हातात घेऊन पारखावयाची असेल तर हीच वाट बरी.
- जुना बाजार. पुण्यातील बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार येथे सुटी, खोक्याविना पडलेली गाडी स्वस्तात सापडते; परंतु पावती मिळत नाही आणि परत करण्याची वाट नाही, हे धरूनच भाव करावा.
- ऑनलाइन विक्रेते. विविधता येथेच अधिक. खरेदीपूर्वी तळपट्टी, दोन्ही बाजू, पुढची मडगार्डे आणि खोक्याचे सहाही पृष्ठभाग यांची छायाचित्रे मागवा. ती देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

माल पोहोचण्याचा प्रश्न आपल्याकडे निराळाच आहे. वाड्या-वस्त्यांवर खासगी कुरियरवाले अनेकदा येत नाहीत आणि पार्सल परत जाते. पावसाळ्यात घाटरस्ता बंद झाला की ते कोठे पडून राहिले याचा पत्ता लागत नाही. डोंगराकडच्या वाचकांनी भोर, नसरापूर किंवा वेल्हे येथील नातलगाच्या अगर ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्यावा, किंवा विक्रेत्याला स्पीड पोस्टने पाठविण्यास सांगावे. जून ते सप्टेंबर या काळात किमती गाडी न मागविलेलीच बरी.

परदेशातून मागविताना जकातीचा हिशोब

येथे गैरसमज फार आहेत. ‘हे खेळणे नव्हे, संग्राह्य वस्तू आहे, म्हणून हिला खेळण्याची जकात लागू नाही,’ असे विक्रेते बिनदिक्कत सांगतात. सीमाशुल्काच्या कोष्टकात खेळणी आणि लघुप्रमाण प्रतिकृती या एकाच, ९५०३ क्रमांकाच्या, सदरात आहेत. या सदरावरील मूळ शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के करण्यात आले. व्यक्तीने स्वतःच्या वापरासाठी टपालाने वा कुरियरने आणलेल्या मालाची आकारणी निराळ्या सदराखाली होते. तो दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतो. म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वी त्या दिवशीचा दर विचारून घ्यावा आणि पुढील चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

- शुल्क केवळ गाडीच्या किमतीवर नसते. वाहतूक आणि विमा मिळवून जी रक्कम होते तिच्यावर ते बसते.
- २०१९ च्या डिसेंबरपासून, राखी आणि जीवनरक्षक औषधे वगळता, टपालाने आलेल्या भेटवस्तूंना असलेली शुल्कमाफी रद्द झाली आहे. पार्सलावर ‘भेट’ लिहून काही साधत नाही.
- विक्रेत्याला किंमत कमी दाखविण्यास सांगू नका. तो गुन्हा आहे. शिवाय माल फुटून आला तर भरपाईही त्या कमी किमतीचीच मिळते.
- परदेशी असलेला नातलग गावी येणार असल्यास, प्रवाशाच्या सोबतच्या सामानाला मिळणारी सवलत हा कायदेशीर मार्ग आहे. तिची मर्यादा आणि अटी निघण्यापूर्वी त्याला तपासावयास सांगा.

पावसाळ्याची तरतूद

या प्रतिकृती मुख्यत्वे जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे अल्प प्रमाणात असते. ओतीव धातूत शिशासारखी अशुद्धता राहिली असेल तर दमट हवेत त्याच्या कणाकणांमधून क्षय सुरू होतो, रंगावर फोड येतात, अंगावर चिरा पडतात आणि अखेर तुकडा निखळतो. या विकाराला उपाय नाही. मात्र तो एका गाडीवरून दुसरीवर पसरत नाही, त्यामुळे शेजारच्या गाड्या फेकून देण्याचे कारण नाही. दर्जा राखून केलेल्या अलीकडच्या प्रतिकृतींत तो क्वचित आढळतो. भोर-वेल्ह्यातील बहुसंख्य तक्रारींचे मूळ निराळेच असते: साधी ओल. भातलावणीपासून दसऱ्यापर्यंत भिंती दमट, कौलांतून झिरपणारे पाणी आणि कपाट थेट भिंतीला टेकलेले, अशा स्थितीत स्क्रू आणि आस गंजतात आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर बुरशी धरते.

- कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे सुटे ठेवा. सर्वांत खालची फळी रिकामी ठेवा.
- प्रत्येक फळीवर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग बदलणारे मणी घ्या, म्हणजे ते भिजल्याचे कळते. सुकवून पुन्हा वापरता येतात. हवेतील दमटपणा मोजणारे लहान यंत्र स्वस्त असते. काटा साठ टक्क्यांच्या वर राहू लागला की पुड्या बदला.
- डांबराच्या गोळ्या ठेवू नका. ट्रंकेत गोळ्या टाकण्याचा आपल्याकडील शिरस्ता कपड्यांपुरता ठीक. नॅफ्थलिनच्या वाफेने प्लास्टिकचे भाग मऊ पडतात.
- टायरांतील मऊपणा आणणारे द्रव्य खालच्या प्लास्टिकच्या चौथऱ्यात उतरते आणि काही वर्षांनी टायर त्याला चिकटून बसतो. आसाखाली लहानसा ठोकळा देऊन चाके अधांतरी ठेवा.
- खोक्यातील फोम जुना झाला की चिकट होऊन रंगाला डाग पाडतो. तो काढून आम्लरहित कागद घाला.
- ऊन देण्याचा मोह आवरा. लोणच्याच्या बरणीला जे ऊन मानवते ते जांभळ्या आणि तांबड्या रंगाला मानवत नाही. कपाटही खिडकीसमोर नको.
- धूळ मऊ कुंचल्याने झाडा. खोबरेल तेल, रॉकेल, पॉलिश यांपैकी काहीही अंगाला वा टायरला लावू नका.

दप्तर ठेवा

प्रत्येक गाडीला अनुक्रमांक द्या आणि वहीत तिचे नाव, वर्ष, रंग, उत्पादक, प्रमाण, खरेदीची तारीख, किंमत, विक्रेता, खोके आहे वा नाही आणि आढळलेले दोष नोंदवा. पावती वहीला डकवू नका, डिंकाने शाई उडते. वेगळ्या लखोट्यात क्रमांक घालून ठेवा. सोबत प्रत्येक गाडीची चार छायाचित्रे असावीत. विमा उतरविताना, विकताना, वा भांडण ग्राहक आयोगापुढे गेल्यास हेच दप्तर कामास येते. मुलाबाळांच्या हाती संग्रह गेल्यावर कोणती गाडी किती मोलाची हेही त्यांना त्यावरूनच कळते.

ग्राहक म्हणून आपले हक्क

१. वेष्टनबंद मालावर निर्माता किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि आयात मालावर मूळ देश छापणे बंधनकारक आहे. दुकानदाराला छापील किमतीहून अधिक घेण्याचा अधिकार नाही, मग गाडी कितीही दुर्मिळ असो.

२. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्ह सक्तीचे आहे. घरात लहान मूल असल्यास हे पाहूनच घ्या. सुटे आरसे आणि बारीक दांड्या असलेली मोठी प्रतिकृती त्याच्या हाती देऊ नये.

३. ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असा २०२० च्या नियमांचा दंडक आहे. पार्सल उघडताना, लावलेला शिक्का दिसेल असे, अखंड चित्रीकरण करून ठेवा.

४. तेथे दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५.

५. त्यापुढे पुण्याचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार आपण जेथे राहता वा काम करता तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी आपण दिल्ली गाठावयाचे कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

एक अपवाद लक्षात असू द्यावा. जो इसम विक्रीचा धंदा करीत नाही, केवळ स्वतःची एखादी गाडी दुसऱ्या संग्राहकाला देतो, त्याच्याविरुद्ध हा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही. अशा व्यवहारात दोष आणि किंमत यांचा लेखी उल्लेख असलेला निरोप आधी घ्यावा आणि रक्कम शक्यतो गाडी पाहूनच द्यावी.

पहिल्या वर्षाचा क्रम

दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, आरंभ करा. प्रथम माप ठरवा, फळी मोजा आणि वही घाला. त्यानंतर पुण्यास जाऊन प्राउलर हातात घेऊन पारखा. आवडली तर घ्या, न आवडल्यास परत या. पी.टी. क्रूझर विपुल निघालेली गाडी असल्यामुळे तिच्यासाठी घाई नको. एस.एस.आर. घेताना तळपट्टी पाहा, आणि एच.एच.आर. आपल्या मापात मिळत नसेल तर ती जागा रिकामी ठेवा. दुसऱ्या मापाची गाडी आणून ती भरू नका. मे महिन्याच्या अखेरीस खरेदी थांबवून पुड्या बदला, खोकी उंचावर हलवा आणि वहीतील नोंदी गाड्यांशी ताडून पाहा. पावसाळा उलटल्यावर एकाही गाडीवर डाग नसेल, तरच दुसऱ्या वर्षाचे पैसे बाजूला काढा.